ज्याच्या हातचं खाल्लं

हॉटेलात जेवण झालं की माणसं बडीशेप मागतात, बिल मागतात, फार तर दात कोरायची काडी मागतात. जगनभाई भोये आचारी मागतात.

"आचाऱ्याला बोलवा जरा."

वेटर थबकतो. त्याची नजर आधी जगनभाईंच्या ताटाकडे जाते. केस निघाला की माशी? पण ताट इतकं चाटूनपुसून साफ केलेलं असतं की त्यात काही निघालं असलंच तरी ते आता पोटात आहे. मग मॅनेजर येतो. "काय झालं साहेब, काही कमीजास्त?"

"काय नाय झालं, शेठ. भाजी झकास. ज्याच्या हातचं खाल्लं त्याचं तोंड बघावं, तरच अंगी लागतं. बोलवा."

शेवटी भटारखान्याच्या दारातून कोणीतरी घामाघूम होऊन, पंच्याला हात पुसत बाहेर येतो. चेहरा असा की आता नोकरी गेलीच. जगनभाई उठून उभे राहतात, त्याच्या तोंडाकडे निवांत बघतात, कापडी पिशवीतून दोन चिकू काढून त्याच्या हातावर ठेवतात आणि म्हणतात, "बस. जा आता." एवढंच. तोवर मी आणि रमणभाई बाहेर पानाच्या टपरीशी, ह्या गृहस्थांशी आमची ओळख नाही असा चेहरा करून उभे असतो.

ओळख मात्र चांगली वीस वर्षांची. तलासरी नाक्यावर माझं चष्म्याचं दुकान. त्याला लागून रमणभाईंचं फरसाणाचं. जगनभाई झरीचे. तिथे त्यांची चिकूची वाडी आहे आणि कलमांची रोपवाटिका. महिन्यातल्या एखाद्या रविवारी आम्ही तिघं रमणभाईंच्या व्हॅनमधून बाहेर जेवायला जातो. हायवेवर एकेक करत इतकी हॉटेलं पालथी घातली आहेत की काही ठिकाणी आम्ही दिसलो की आचारी आधीच तोंड धुऊन ठेवतो.

माझ्या दुकानात जगनभाई पहिल्यांदा आले ते जवळचं दिसेना म्हणून. चष्मा तयार झाला, त्यांनी घालून पाहिला, पेपरातली बारीक जाहिरात मोठ्यानं वाचून दाखवली आणि खूश झाले. मग म्हणाले, "काच कोणी घासली?"

मी म्हटलं, वापीहून घासून येते.

"ते झालं. पण कोणी?"

"मशीन घासते, जगनभाई."

त्यांनी चष्मा उतरवून काउंटरवर ठेवला. "मशीनचं तोंड कुठं असतं, शेठ?"

नेला शेवटी, डोळ्यांना दिसायला तर पाहिजे. पण तेव्हापासून त्या चष्म्याचं नाव पडलं 'पोरका'. "माझा पोरका कुठं ठेवला रे?" असं ओरडत वाडीभर हिंडताना मी त्यांना पाहिलं आहे. तेव्हा पोरका कपाळावर असतो.

एकदा मी शक्कल लढवली. त्यांना डहाणूला समुद्रावर पावभाजीच्या गाडीशी नेलं. म्हटलं, इथे आचारी समोरच उभा आहे, आज बोलावणार कोणाला? जगनभाईंनी त्याच्याकडे बघत बघत अख्खी प्लेट संपवली. मी मनात म्हटलं, जिंकलो. इतक्यात ते म्हणाले, "आणि पाव कोणी भाजला?" ती संध्याकाळ आम्ही बेकरीच्या मागच्या गल्लीत काढली. भट्टीवाला आंघोळीला गेला होता. तो अंग पुसून येईपर्यंत थांबलो आणि मग त्याचं तोंड बघून घरी आलो.

लग्नकार्यात तर विचारूच नका. माझ्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये जगनभाई एकाच फोटोत आहेत. त्यात नवरा नाही, नवरी नाही. जिलबीवाला आहे, कढईवाले आहेत आणि त्यांच्या मधोमध सत्कारमूर्तीसारखे जगनभाई. फोटोग्राफरला मी विचारलं, हा फोटो कशाला काढलास बाबा? तो म्हणाला, "मला वाटलं, आचाऱ्यांचे वडील आहेत."

जगनभाईंचं मूळ जव्हारकडचं. तिकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. माणसं देवादैत्यांचे मुखवटे घालून नाचतात. एकेका मुखवट्याला सोंग म्हणतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. तो त्या घराचा मान. जगनभाई दरवर्षी हटकून जातात. त्या दिवसांत रोपवाटिकेला कुलूप असतं आणि गिऱ्हाईक माझ्या दुकानात येऊन माझ्यावर चिडतं.

मनीषा ही त्यांची एकुलती एक मुलगी. सगळे मनी म्हणतात. ती शाळेत असताना तिची आई गेली. जगनभाईंनी मनीला कलमं बांधता बांधता वाढवली असं म्हटलं तरी चालेल. खिरणीच्या रोपावर चिकूची काडी बसवायची आणि पट्टीनं बांधायची, हे आमच्याकडे पुष्कळांना येतं. पण जगनभाईंची गाठ वेगळी. पट्टीचं टोक ते दोनदा आत घेतात आणि शेवटी उलटं ओढतात. ती सुटत नाही आणि काडीला काचतही नाही. ही गाठ आमच्या भागात दोनच माणसांना येते, एक जगनभाई आणि दुसरी मनी.

मनीच्या हातात कला होती. मुंबईला जाऊन ती चित्रकला शिकली आणि तिथेच एका कारखान्यात लागली. तिथे जाहिरातींसाठी, मालिकांसाठी लागणाऱ्या खोट्या वस्तू बनवतात. खोटी तलवार, खोटा डोंगर, एकदा खोटी म्हैससुद्धा. जगनभाईंना भारी अभिमान. "म्हैस बनवली पोरीनं. दूध तेवढं नाय देत," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात मनीनं आपल्या कारखान्यातल्या मंडळींना वाडी बघायला आणलं. मित्रमैत्रिणी होत्या आणि जिच्या हाताखाली ती काम करते ती मॅडमही होती. दुपारी हायवेवरच्या एका हॉटेलात सगळे जेवायला बसलो. जेवण संपत आलं तशी मनीनं बापाकडे बघून हळूच मान हलवली. नको, बाबा. जगनभाईंना ते दिसायला हवं होतं, पण त्यांची नजर भटारखान्याच्या दाराकडे लागली होती.

"आचाऱ्याला बोलवा जरा."

हा आचारी आयुष्यात पहिल्यांदाच बाहेर बोलावला गेला असावा. तोंड दाखवून परत जायच्या ऐवजी तो बसला. मॅडम हात धुवायला गेल्या होत्या, त्यांच्याच खुर्चीवर. आणि त्यानं स्वतःची कर्मकहाणी सुरू केली. गाव, बाप, सावत्र आई, घरातून पळून येणं. सावत्र आईपाशी त्याला रडू फुटलं आणि रडता रडता त्यानं समोरचं मॅडमचं आइस्क्रीम संपवलं. मॅडम येऊन मागे उभ्याच. मॅनेजर ओरडतोय, आत कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होताहेत आणि जगनभाई आचाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणताहेत, "बोल, बोल. मोकळा हो."

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. मनी हसत नव्हती.

बाहेर गाडीपाशी ती बापाला म्हणाली, "बाबा, ह्या लोकांत मी नवीन आहे. कशीतरी उभी राहतेय. आज सगळे आपल्याला हसले. ह्यापुढे माझी माणसं असतील तिथे तुम्ही जेवायला येऊ नका."

जगनभाई म्हणाले, "बरं."

त्यानंतर मनीचे फोन आखूड झाले. दिवाळीला आली ती दुसऱ्या दिवशी परत गेली. जगनभाई म्हणायचे, "कामं असतात तिला." हॉटेलात ते अजून आचारी मागायचे, पण आधी इकडेतिकडे बघून, चोरून विडी ओढणाऱ्या पोरासारखे. मला ते बघवायचं नाही. एक रविवार तर त्यांनी मागितलाच नाही. रमणभाई घाबरून म्हणाले, "जगनभाई, तबेत तो बराबर आहे ने?"

मग एके दिवशी मनीचा मला फोन आला. "काका, तुमच्या दुकानात ओरखडे पडलेल्या, टाकाऊ काचा असतील ना? मला डोळे करायचेत."

मुंबईत गोरेगावला एका भल्यामोठ्या हॉलमध्ये मेळावा होणार होता. चित्रकथांतली, पडद्यावरची पात्रं बनून हजारो पोरं तिथे येतात, नटतात, मिरवतात. शेवटी स्पर्धा. मनी त्यात उतरणार होती. "सगळे कोणाची तरी नक्कल करतात, काका. माझं सोंग माझंच आहे. कोणी बघितलेलं नाही असं."

मी विचारलं, "आणि बाबा?"

तिनं आधी काचा किती लागतील ते सांगितलं. मग म्हणाली, "नको. तिथे प्रत्येकाला मुखवटा काढून तोंड दाखव म्हणतील. मॅडम असणार, सगळे असणार. बाबांना सांगू नका."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या तलासरीला माहीत आहे. मनीलाही माहीत होतं. म्हणूनच तिनं मला सांगितलं की काय, अशी मला अजून शंका आहे. काचांचं पार्सल पाठवलं आणि परस्पर झरीला गेलो. जगनभाई कलम बांधत होते. सगळं ऐकून घेतलं आणि खाली मान घालूनच म्हणाले, "मुंबईचा बोहाडा म्हण ना. मी लांबून बघीन. कोणाशी बोलणार नाय. तिला कळणार पण नाय मी आलो ते."

डिसेंबरातल्या त्या सकाळी आम्ही व्हॅनमधून निघालो. जगनभाईंनी पांढरा शर्ट, धोतर, टोपी, नवी चप्पल असा जामानिमा केला होता आणि मांडीवर चिकूंनी भरलेली पिशवी. विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ आलं तशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. देवीपुढे नारळ फोडला, हात जोडले आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "आई, आज कोणाला बोलावणार नाय. कोणाला तोंड दाखव म्हणणार नाय. माझी पोर मला परत दे."

आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी घाईनं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

गाडीत बसताना रमणभाईंनी विचारलं, "पण जगनभाई, ही आदत तुम्हाला लागली कुठून?"

इतक्या वर्षांत आम्ही हे कधी विचारलंच नव्हतं. माणसाचं नाक असं का, हे कोण विचारतं?

जगनभाई म्हणाले, "माझी आई एका शेठच्या बंगल्यात रांधायची. डहाणूला, समुद्राकडं. मुंबईचे पाहुणे यायचे. जेवायचे, वा वा करायचे. ती वा वा आईला भिंतीतून ऐकू यायची, बस. एकदा एक म्हातारा पाहुणा उठला आणि सरळ चुलीपाशी आला. बोलला, बाई, तुमच्या हातचं खाल्लं, तुमचं तोंड तर बघू द्या. बघितलं आणि गेला. आई ते मरेपर्यंत सांगायची. आम्हाला सांगायची, शेजाऱ्यांना सांगायची. कोणी नाय भेटलं तर म्हशीला सांगायची."



हॉलच्या दारात पहिली अडचण आली. बाहेरचं खाणं आत न्यायची बंदी होती. जगनभाई वाद घालणाऱ्यातले नाहीत. त्यांनी तिथेच रांगेत चिकू वाटायला सुरुवात केली. पंख लावलेल्या पोरी, शिंगं लावलेली पोरं, अंगाला चांदीचा रंग फासलेला एक उंच मनुष्य, सगळे चिकू खात उभे. दारावरच्या रखवालदारानं तर दोन खाल्ले. एक चिकू तेवढा जगनभाईंनी शर्टाच्या खिशात घातला. "हा मनीचा." रखवालदारानं तोंड पुसलं आणि दुसरीकडे बघितलं. मग त्यांच्या मनगटाला कागदाची पट्टी लावली. जगनभाईंनी ती उलटसुलट करून बघितली. "ही काय गाठ झाली? चिकटवली नुसती."

आत गेल्यावर मात्र ते खुलले. मेळाव्याला मुंबईचा बोहाडा त्यांनीच म्हटलं होतं, आणि आता ते शब्दशः घेतलं होतं. बोहाड्यात सोंग समोरून गेलं की हात जोडायचे असतात. म्हणून जगनभाई प्रत्येकापुढे उभे राहून, डोळे मिटून नमस्कार करत चालले. राक्षसाला नमस्कार, यंत्रमानवाला नमस्कार, सशाचे कान लावलेल्या एका मुलीला नमस्कार. पोरं आधी गोंधळली, मग त्यांना ते इतकं आवडलं की तीही कमरेत वाकून उलट नमस्कार करायला लागली. एका लाल झगेवाल्या वीरानं तर त्यांच्या पाया पडून आशीर्वाद घेतला.

थोडं पुढे गेलो तर तसाच दुसरा लाल झगेवाला. मग तिसरा, चौथा. जगनभाई थांबले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "शेठ, एकाच सोंगाचे इतके मानकरी? भांडणं नाय होत?"

मी म्हटलं, इथे ज्याला जे आवडेल ते त्यानं व्हायचं. मान कोणाचाही.

"हे बरंय," ते म्हणाले. पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

एवढ्यात दोन पोरी कॅमेरा घेऊन त्यांच्याकडेच धावत आल्या. त्यांची टोपी, धोतर, कापडी पिशवी, कपाळावरचा चष्मा बघून त्या हरखल्या होत्या. "अंकल, मस्त! तुमचं कॅरॅक्टर कुठलं?"

"झरीचं," जगनभाई म्हणाले.

"ते कशातलं?"

"तलासरी तालुक्यातलं."

पोरींनी फोटो काढले आणि आनंदानं निघून गेल्या. रमणभाई हसता हसता खाली बसले.

पण मी बघत होतो, जगनभाईंचा जीव एका बाजूला टांगलेला होता. एखादं सोंग फारच चांगलं दिसलं की त्यांचे ओठ हलायचे. कोणी केलं, हे विचारायचं असायचं. मग त्यांना विवळवेढ्याची आठवण व्हायची आणि ते ओठ मिटून घ्यायचे. सगळा वेळ नजर गर्दीवरून फिरत होती. खिशातला चिकू गर्दीत चेपू नये म्हणून एक हात छातीवर.

ते सोंग हॉलच्या पार टोकाला उभं होतं. भोवती फोटो काढणाऱ्यांचा वेढा. माणसापेक्षा हातभर उंच. सुपारीच्या विरीचा, म्हणजे झावळीच्या रुंद देठाचा जबडा, काथ्याच्या जटा, आणि खांद्यावरून जमिनीपर्यंत जुनं मासेमारीचं जाळं. वटवाघळांनी चिकू खाऊ नयेत म्हणून आमच्याकडे आगरच्या कोळ्यांकडून असलं जुनं जाळं आणून झाडांवर टाकतात. आणि तोंडभर डोळे. कपाळावर डोळे, गालांवर डोळे, प्रत्येकात माझ्या दुकानातली काच. माझी टाकाऊ काच इतकी सुंदर दिसू शकते हे मला माहीत नव्हतं.

जगनभाई गर्दीतून पुढे सरकले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. जटा, जबडा, जाळं, सगळं काळ्या पट्टीनं जागोजाग बांधलेलं होतं. त्यांनी एका गाठीकडे बघितलं. मग दुसऱ्या. दोनदा आत घेतलेलं आणि शेवटी उलटं ओढलेलं टोक.

रमणभाईंनाही तोवर कळलं होतं. ते हात उंचावून ओरडणार, "अरे, ही तर आपली म..." एवढ्यात जगनभाईंनी त्यांच्या तोंडावर हात दाबला.

"गप! सोंगात असताना नाव घ्यायचं नसतं. नाव घरी ठेवून आलेलं असतं."

मग त्यांनी खिशातून चिकू काढला. इतका जपूनही तो एका बाजूनं चेपलाच होता. तो त्यांनी सोंगाच्या पायाशी ठेवला, टोपी काढली, हात जोडले आणि डोळे मिटून उभे राहिले. भोवतालचे लोक गंमत म्हणून फोटो काढत होते. एवढे सगळे डोळे जगनभाईंकडे बघत होते, आणि ते सोंग जागचं हललं नाही. जाळं मात्र थरथरत होतं. जगनभाई वळले आणि मागे न बघता गर्दीतून बाहेर येऊन एका खांबाआड उभे राहिले.

"भेटा की," मी म्हटलं.

"लांबून बघीन बोललो होतो. जरा जवळून बघितलं. पुष्कळ झालं."

पुढे व्यासपीठावर स्पर्धा झाली. सूत्रसंचालकानं मनीच्या सोंगाला विचारलं, ही कोण, आणि कुठल्या मालिकेतली? मुखवट्यातून दबलेला आवाज आला, "वाडीची राखणदारीण. झरीची." टाळ्या बऱ्या पडल्या. बक्षीस मात्र दिवे लुकलुकणाऱ्या एका यंत्रमानवाला मिळालं. रमणभाई संतापले. जगनभाई म्हणाले, "त्याला लाईट होती ना. आपल्या झरीत लाईट असते कुठं?"

आम्ही निघायच्या बेतात असताना मनी आली. मुखवटा काखेत, केस घामानं चिकटलेले, मागे तिची मंडळी आणि मॅडम. जगनभाईंनी खांबाआड जायचा प्रयत्न केला, पण धोतर बाहेर राहिलं.

"बाबा."

"मी काय बोललो नाय कोणाला," जगनभाई घाईघाईनं म्हणाले. "विचार ह्यांना. एकाला पण तोंड दाखव बोललो नाय."

"मला वाटलं तुम्ही ओळखलंच नाही. हाक नाही मारलीत."

"सोंगात कशी मारणार? गाठ बघितली ना मी. एक पण सैल नव्हती."

मनीनं मुखवट्यावरच्या एका गाठीवरून बोट फिरवलं. मग मुखवटा दुसऱ्या काखेत घेत म्हणाली, "आम्ही सगळे जेवायला चाललोय. चला."

"तू जा. आम्हाला लांब जायचंय."

"चला म्हणतेय ना, बाबा."

हॉटेल जवळच होतं. दोन टेबलं जोडून सगळे बसलो. जगनभाई पार टोकाला, पाहुण्यांच्या घरी बसतात तसे. मॅडमनी त्यांना आग्रहानं वाढलं. आणि नेमकी त्या दिवशी डाळ काय सुरेख झाली होती! मी मनात म्हणत होतो, देवा, काहीतरी खारट कर, करपव, ह्या माणसाची परीक्षा बघू नकोस. जगनभाईंनी पहिला घास घेतला आणि ते थांबले. मग खाली मान घालून जेवत राहिले. भटारखान्याचं दार दर वेळी उघडलं की त्यांची मान तिकडे वळायची आणि परत यायची. जेवण संपल्यावर त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

पोरांच्या गप्पा रंगल्या होत्या. कोणाचे किती फोटो निघाले ते मोजणं चाललं होतं. एकजण मनीला म्हणाला, "तुझे सगळ्यात जास्त असतील."

"हो," मनी म्हणाली. "दिवसभर फोटो काढत होते. कोणी बनवलं, हे एकानंही विचारलं नाही."

बोलता बोलता ती थांबली. टेबलाच्या टोकाला बसलेल्या बापाकडे तिनं बघितलं. वेटर बडीशेप घेऊन आला होता. जगनभाई त्यातले चार दाणे उचलून मुकाट्यानं चघळत होते.

मनी उठली. वेटरला काही न विचारता ती सरळ भटारखान्याच्या दारापाशी गेली आणि आत डोकावून म्हणाली, "डाळ कोणी केली? जरा बाहेर या ना. माझ्या बाबांना तुम्हाला भेटायचंय."

जगनभाई घाबरून माझ्याकडे बघायला लागले. "मी नाय सांगितलं," ते पुटपुटले. "शेठ, तू बघितलं ना, मी नाय सांगितलं."

आचारी आला. पंचविशीतला, गढवालकडचा असावा. हात पुसत, भेदरलेला. "क्या हुआ मॅडम, कुछ गड़बड़?"

"काही नाही भैया," मनी म्हणाली. "खूप छान झाली होती."

जगनभाई उठून उभे राहिले. त्याच्या तोंडाकडे बघितलं. नेहमीसारखं निवांत बघणं जमेना, चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या. हात सवयीनं पिशवीत गेला. पिशवी सकाळीच रिकामी झालेली. ते तसेच रिकाम्या पिशवीत हात घालून उभे राहिले. तेव्हा मनीनं आपली पर्स उघडली आणि रुमालात गुंडाळलेला, एका बाजूनं चेपलेला चिकू काढून बापाच्या हातात दिला.

जगनभाईंनी तो आचाऱ्याच्या हातावर ठेवला. "बस," एवढंच म्हणाले. पुढचं 'जा आता' त्यांना सुचलं नाही.

त्यामुळे आचारीही गेला नाही. काय करावं न कळून त्यानं तिथेच उभ्या उभ्या चिकू फोडला, अर्धा खाल्ला आणि त्याचा चेहरा उजळला.

"बहुत मीठा है," तो म्हणाला. "किसके हाथ का है?"

वीस वर्षांत मी जगनभाईंना हा प्रश्न शेकडो लोकांना विचारताना ऐकलं होतं. त्यांना तो कोणी विचारलेला कधी ऐकला नव्हता. मलाही कधी सुचलं नव्हतं. माझं म्हणाल तर मी सरळ रडलो, आणि रमणभाई नाक शिंकरायला बाहेर गेले.

मनीनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या सगळ्या माणसांच्या देखत आचाऱ्याला म्हणाली, "इनके हाथ का. देखिए, ये हैं मेरे बाबा."

आचाऱ्यानं जगनभाईंच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग उरलेला अर्धा चिकू त्यानं खाल्ला, बी खिशात टाकली आणि हात पुसत आत निघून गेला.